शेडमधील ट्यूबलाइट बिघडते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलईडी दिवे सर्वत्र आले असले तरी एमआयडीसीतील लहान गाळ्यांत, गॅरेजमध्ये, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि शेतावरच्या पंपघरात चोक-स्टार्टरच्या चार फुटी ट्यूबलाइट अजूनही पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. त्या बिघडल्या की बहुतेक जण आधी नवी ट्यूब आणतात, तीही लागली नाही तर चोक बदलतात आणि शेवटी कंटाळून अख्खी पट्टीच (ट्यूब, चोक आणि होल्डर ज्यावर बसतात तो सांगाडा) बदलतात. एवढे करूनही मूळ दोष पुष्कळदा तारेत, न्यूट्रलमध्ये (करंट परत नेणाऱ्या तारेत) किंवा सैल होल्डरमध्ये तसाच राहून जातो. लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचे काम चालणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये दिव्यांची देखभाल करताना जे प्रश्न मला पुनःपुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पट्टीला हात लावण्यापूर्वी काय करावे?

भिंतीवरचे बटण बंद करून थांबू नये; त्या ओळीचा एमसीबी (बोर्डावरचा छोटा सर्किट ब्रेकर) किंवा मेन स्विच बंद करावा आणि तो दुसरे कोणी चालू करणार नाही, अशी व्यवस्था करावी. जुन्या शेडमध्ये बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या जिवंत तारेऐवजी) न्यूट्रलवर बसवलेले पुष्कळदा आढळते. अशा ठिकाणी दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते. पुरवठा गेला आहे याची खात्री केवळ खिशातल्या टेस्टरवर सोडू नये. टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर फेज व न्यूट्रल, फेज व अर्थ आणि न्यूट्रल व अर्थ अशा तिन्ही ठिकाणी लावून पाहावा, आणि हे साधन स्वतः चालू आहे ना, हे त्याआधी एखाद्या चालू सॉकेटवर तपासून घ्यावे. पट्टीत कपॅसिटर असेल तर पुरवठा तोडल्यावरही त्यात काही काळ भार राहतो, त्यामुळे एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत.

शिडी लाकडी किंवा फायबरची असावी आणि ती धरायला खाली एक माणूस असावा. दिवा मशीनच्या अगदी वर असेल तर ते मशीनही बंद ठेवावे, कारण हातातून निसटलेली ट्यूब फिरत्या चकवर (लेथवर काम पकडून फिरवणाऱ्या भागावर) पडली तर काचा कुठवर उडतील, याचा नेम नसतो. ट्यूब किंवा स्टार्टर बदलण्यापलीकडचे तारेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

ट्यूब लागते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच अवलंबून आहे. चोक ट्यूबच्या मालिकेत असतो, तर स्टार्टर ट्यूबच्या दोन टोकांमधून समांतर जोडलेला असतो. बटण दाबल्यावर स्टार्टरमधला वायू चमकतो, त्या उष्णतेने आतली द्विधातूची पट्टी वाकून संपर्क जुळतो आणि करंट चोक व दोन्ही फिलामेंटमधून वाहू लागतो. फिलामेंट तापून टोके लालसर होतात. तेवढ्यात स्टार्टरमधली पट्टी गार होऊन संपर्क सुटतो, करंट एकदम तुटल्यामुळे चोक जोराचा व्होल्टेज झटका देतो आणि ट्यूबमधील पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह सुरू होतो. एकदा ट्यूब लागली की स्टार्टरचे काम संपते. चालू ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ती जळत राहते. चोकचे काम मात्र संपत नाही. तो करंट आवरून धरतो, आणि तो नसेल तर ट्यूब क्षणात जाते.

ट्यूब अजिबात लागत नाही, टोकेसुद्धा चमकत नाहीत. सुरुवात कोठून करावी?

शेजारच्या चालू पट्टीपासून करावी. तिची ट्यूब बंद पट्टीत आणि बंद पट्टीची ट्यूब तिच्यात लावून पाहावी, मग स्टार्टरचीही अशीच अदलाबदल करावी. दोन्ही पट्ट्या एकाच वॅटच्या असाव्यात, एवढेच पाहावे. या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि दोष ट्यूबमध्ये आहे, स्टार्टरमध्ये आहे की पट्टीत, हे दहा मिनिटांत कळते.

दोष पट्टीत निघाला तर आधी होल्डर पाहावेत. यंत्रांच्या कंपनांनी ट्यूब होल्डरमध्ये किंचित फिरते, पिना पत्तीपासून सुटतात आणि पाहणाऱ्याला सगळे जागेवर आहे असे वाटते. ट्यूब बाहेर काढून पिना बारीक पॉलिश पेपरने पुसाव्यात आणि ट्यूब बसवताना पाव फेरा फिरवल्यावर ती नीट अडकली याची खात्री करावी. होल्डरची पत्ती काळी पडली असेल किंवा प्लास्टिक ठिसूळ झाले असेल, तर घासत बसू नये; नवा होल्डर स्वस्त असतो.

त्यानंतर पुरवठा बंद ठेवून मल्टीमीटरने सलगता पाहावी. ट्यूबच्या एका टोकाच्या दोन पिनांमध्ये काही ओहम रोध दिसला तर ते फिलामेंट शाबूत आहे. काहीच दिसले नाही तर ते तुटले आहे. दोन्ही टोके स्वतंत्रपणे तपासावीत, कारण एक जरी तुटले तरी स्टार्टरपर्यंत करंट पोहोचत नाही. चार फुटी ट्यूबच्या कॉपर चोकचा (तांब्याच्या तारेच्या वेढ्यांच्या जुन्या पद्धतीच्या चोकचा) रोध काही दहा ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर वायंडिंग तुटले आहे, आणि जवळपास शून्य दाखवत असेल तर ते आत शॉर्ट आहे. शॉर्ट झालेल्या चोकवर नवी ट्यूब कधीही लावू नये, ती लगेच जाईल.

दोन्ही टोके लाल-पिवळी होऊन राहतात, मधला भाग पेटत नाही. हे कशामुळे?

बहुतेक वेळा स्टार्टर आतून चिकटलेला असतो. स्टार्टरचे डबडे उघडून पाहिले तर काचेचा छोटा फुगा आणि त्याच्याशेजारी दोन तारांवर बसवलेला एक चिमुकला कपॅसिटर दिसतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो असतो. हा कपॅसिटर शॉर्ट झाला किंवा फुग्यातली पट्टी चिकटून बसली, की फिलामेंटमधून सतत करंट वाहतो, पण झटका मिळत नाही. खात्रीचा उपाय सोपा आहे: टोके चमकत असतानाच स्टार्टर फिरवून बाहेर काढावा. ट्यूब लागली तर ट्यूब आणि चोक दोन्ही चांगले आहेत, आणि केवळ स्टार्टर बदलायचा आहे. हे एवढे एकच काम चालू पुरवठ्यावर होते, म्हणून स्टार्टर ट्यूबच्या बाजूने सहज हाती लागत असेल, त्याचे आवरण फुटलेले नसेल आणि हात कोरडा असेल, तरच ते करावे. अन्यथा पुरवठा बंद करून सरळ नवा स्टार्टर लावावा. पट्टी तशीच चालू ठेवू नये, कारण तासाभरात फिलामेंटवरचा लेप उडून चांगली ट्यूब निकामी होते.

ट्यूब सारखी फडफडते, लागते आणि विझते. नवा स्टार्टर लावूनही फरक पडत नाही.

मग ट्यूबचे वय झाले आहे, असे समजावे. फिलामेंटवर बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप असतो, आणि इलेक्ट्रॉन त्यातूनच सहज सुटतात. प्रत्येक वेळी ट्यूब लागताना तो थोडा थोडा झिजतो व काचेच्या आतल्या बाजूला काळा थर होऊन बसतो. टोके काळी दिसतात ती त्यामुळेच. लेप संपत आला की ट्यूब चालू राहायला जास्त व्होल्टेज मागते, ते स्टार्टरला जाणवते आणि तो पुन्हा पुन्हा कामाला लागतो. अशी फडफडणारी ट्यूब आज-उद्या म्हणत महिनाभर ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ती आजच काढावी. ती नवा स्टार्टरही खाते आणि चोकही तापवते.

नवी ट्यूब मात्र सुरुवातीला आतून सापासारखी वळवळली, तर घाबरू नये. दोन-चार वेळा बंद-चालू केल्यावर आणि काही तास जळल्यावर हे बहुधा थांबते.

चोक घूं घूं करतो. बदलावा का?

आवाज पट्टीच्या पत्र्याचा असेल तर चोकचे स्क्रू आवळल्यावर तो कमी होतो. चोकमधल्या लोखंडी पट्ट्याच सैल झाल्या असतील तर आवाज राहील, पण त्याने लगेच काही बिघडत नाही. आवाजापेक्षा वासाकडे लक्ष द्यावे. जळका वास येत असेल, चोकमधून डांबरासारखा काळा पदार्थ गळत असेल किंवा चोकभोवतीच्या तारेचे इन्सुलेशन करपले असेल, तर पट्टी लगेच बंद करावी. वायंडिंगचे काही वेढे शॉर्ट झालेले असतात. करंट वाढतो, ट्यूब नेहमीपेक्षा जास्त झळकते आणि फार लवकर काळी पडते. लाकडी चौकट, कापसाचे तंतू किंवा थिनरचे डबे जवळ असतील तर असा चोक आगीला निमंत्रण आहे.

बटण बंद केल्यावरही ट्यूब अंधारात मिणमिणते. हे धोकादायक आहे का?

मिणमिणणे स्वतः धोकादायक नाही, पण ते ज्याची खूण आहे ते धोकादायक असू शकते. सर्वांत आधी बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, ते पाहावे. न्यूट्रलवर असेल तर ट्यूबला फेज सतत मिळत राहते आणि पट्टीच्या अर्थ केलेल्या पत्र्याकडे सूक्ष्म करंट झिरपून ट्यूब अंधुक चमकते. शिडीवर चढलेल्या माणसाला त्याच फेजचा झटका बसू शकतो. हा दोष वायरमनकडून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा.

काही ट्यूब एकदम डोळे दिपतील इतक्या प्रखर झाल्या आणि काही मंद झाल्या. एवढ्या पट्ट्या एकदम कशा बिघडतील?

पट्ट्या बिघडलेल्या नाहीत, न्यूट्रल तुटलेला आहे. हे दिसताक्षणी मेन स्विच बंद करावा. नंतर विचार करावा.

थ्री फेज पुरवठा असलेल्या शेडमध्ये दिव्यांच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात आणि सर्वांचा न्यूट्रल एकच असतो. तो मध्येच सुटला तर दोन फेजवरचे दिवे एकमेकांच्या मालिकेत जातात आणि दोन्ही ओळींवर मिळून सुमारे ४०० व्होल्ट पडतात. ज्या ओळीवर लोड कमी तिच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते, ज्या ओळीवर लोड जास्त तिच्या वाट्याला कमी. एका जुलैच्या सकाळी आमच्या शेडमध्ये हे घडले. एका ओळीवर २८० आणि दुसऱ्या ओळीवर १३० व्होल्ट मीटरने दाखवले. तिसऱ्या फेजवर त्या वेळी काहीच चालू नव्हते. मंद ओळीतल्या ट्यूब नुसत्या फडफडत होत्या, आणि झगमगणाऱ्या ओळीवरचा पंखा कधी नव्हे इतका जोरात फिरत होता. मेन बंद करून झाकण उघडले तेव्हा न्यूट्रल लिंकचा स्क्रू बोटाने फिरत होता आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या तारेचे टोक काळे पडून भुसभुशीत झाले होते. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल होतो, सैल जोड तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार थेट पिळून केलेला जोडही पावसाळ्यात असाच कुजतो.

अशा वेळी टेस्टर फसवतो. एखाद्या पट्टीकडे जाणारा न्यूट्रल तुटला असेल आणि बटण चालू असेल, तर टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो, कारण फेज दिव्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येऊन उभी राहते. ‘दोन्हीकडे फेज येतेय’ असे कोणी सांगितले की न्यूट्रलचाच शोध घ्यावा. दोष मीटरच्या किंवा खांबाच्या बाजूला असेल तर तिकडे हात न लावता महावितरणला कळवावे.

वेल्डिंग सुरू केले की ट्यूब विझतात आणि पुन्हा लागतात. ट्यूबचा दर्जा वाईट आहे का?

ट्यूबचा यात दोष नसतो. वेल्डिंग मशीन किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना ओढलेल्या करंटमुळे तारेत व्होल्टेज पडते, २३० चे क्षणभर १८० च्या आसपास येते, ट्यूबमधला प्रवाह तुटतो आणि स्टार्टर पुन्हा कामाला लागतो. दिव्यांची तार मशीनच्या तारेतूनच काढलेली असेल किंवा शेडपर्यंतची तार लांब आणि बारीक असेल, तर हा त्रास हमखास होतो. दिव्यांना मेन बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. मशीन चालू करताना मीटर बोर्डावर आणि पट्टीवर एकाच वेळी व्होल्टेज मोजले, तर घट आपल्या तारेत आहे की बाहेरच्या पुरवठ्यात, हे लगेच कळते.

ट्यूबलाइटच्या उजेडात फिरणारा चक थांबल्यासारखा दिसतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या पानावरचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे बिघाड काहीच नसतो आणि तरी माणसाचा हात जाऊ शकतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर कॉपर चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. तीन जॉचा (काम पकडणाऱ्या जबड्यांचा) चक मिनिटाला १००० फेरे फिरत असेल तर दोन उजाळ्यांच्या मधल्या वेळेत तो बरोबर ६० अंश फिरतो, आणि डोळ्यांना तीनऐवजी सहा पुसट जॉ जागच्या जागी उभे दिसतात. २००० फेऱ्यांना तर तीनच जॉ स्थिर दिसतात. १४४० फेऱ्यांचा चार पात्यांचा एक्झॉस्ट फॅन सेकंदाला एक फेरा या संथ वेगाने उलटा फिरताना दिसतो. ट्यूबचा आतला लेप क्षणभर उजेड धरून ठेवत असल्यामुळे हा भास थोडा सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा लेथ बंद आहे असे समजून चकमधली चावी काढायला पुढे झुकला होता. शेजारच्याने ओरडून त्याला मागे ओढले. चावी चकमध्ये नव्हतीच, त्याला जॉच चावीसारखा दिसला होता.

मशीनच्या वरच्या शेजारशेजारच्या पट्ट्या तीन वेगवेगळ्या फेजवर जोडून घ्याव्यात, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. दोन पट्ट्यांच्या तारांमध्ये आता ४०० व्होल्ट असू शकतात, याची सूचना मात्र तेथे लिहून लावावी आणि दुरुस्तीच्या वेळी तिन्ही फेज बंद कराव्यात. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक चोकचा आहे. तो ट्यूबला सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक वेळा प्रवाह देतो, त्यामुळे हा भास जवळपास राहत नाही. निदान प्रत्येक लेथवर चांगला स्वतंत्र मशीन लॅम्प तरी असावा.

पावसाळ्यात आणि थंडीत वेगळे काय पाहावे?

पावसाळ्यात पत्र्याच्या आतल्या बाजूला धरलेले पाणी थेंबाथेंबाने पट्टीवर गळते, होल्डर गंजतात आणि ओल्या धुळीतून करंट झिरपून आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. ग्राइंडरची लोखंडी धूळ किंवा यंत्रमागाचे तंतू असतील तर हे लवकर घडते. मे महिन्यातच पट्ट्या उघडून कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. कुंभारमाशीची मातीची घरे आणि चोकवर उबेला येऊन मेलेली पाल मी स्वतः कितीदा तरी काढली आहे. तारांचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासावे. एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर ती तार वापरू नये. मेगर लावताना इलेक्ट्रॉनिक चोक आणि एलईडी दिवे आधी वेगळे करावेत, नाहीतर ते जातील.

निफाडसारख्या भागात पहाटे पारा फार उतरतो तेव्हा ट्यूब उशिरा लागते आणि काही मिनिटे मंद जळते. तापली की ठीक होते. भाग बदलण्याची गरज नसते.

कॉपर चोकच्या पट्टीत एलईडी ट्यूब लावता येते का?

येते, पण ट्यूबच्या खोक्यावरची जोडणीची आकृती पाहूनच. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यावे लागतात, काहींना एक-एक टोकाला. काही जुन्या चोकवर चालतात, पण स्टार्टरच्या जागी सोबत आलेला डमी (नावापुरता) स्टार्टर घालावा लागतो. चोक काढून थेट जोडणी केली असेल तर पट्टीवर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे, कारण पुढे कोणी तिच्यात जुनी ट्यूब लावली तर ती फुटूही शकते. दोन टोकांना जोडणी असलेली ट्यूब पुरवठा चालू असताना बसवू नये. एक टोक होल्डरमध्ये गेले की दुसऱ्या टोकाच्या पिनांवर व्होल्टेज येऊ शकते.

मोठ्या शेडने हा बदल टप्प्याटप्प्याने आताच सुरू करावा, असे माझे मत आहे. चार फुटी ३६ वॅटची ट्यूब कॉपर चोकसह सुमारे ४६ वॅट घेते आणि कपॅसिटर नसेल तर तिचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.५ च्या आसपास असतो. शिवाय पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात २०२३ साली झालेल्या निर्णयानुसार या लांब ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात प्रकारानुसार २०२६ आणि २०२७ अखेर थांबवायची आहे. तेव्हा सुटे भाग मिळेनासे होण्याची वाट पाहू नये.

ट्यूब फुटली तर काय करावे? जुन्या ट्यूब कोठे द्याव्यात?

ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटल्यावर सर्वांना बाजूला करून दारे-खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा आणि पंधरा मिनिटे तेथे जाऊ नये. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा हवेत उडतो. हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, बारीक कण ओल्या कापडाने टिपावेत आणि कापडासह सगळे झाकणाच्या डब्यात बंद करावे. कॉम्प्रेसरच्या हवेने जागा साफ करण्याची वर्कशॉपमधली सवय येथे कटाक्षाने टाळावी.

बाद ट्यूब भंगारवाल्याला देऊ नयेत, कारण तो ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी त्या फोडतो आणि पारा त्याच्याच छातीत जातो. ई-कचरा नियमांत फ्लुओरोसंट दिव्यांचा समावेश आहे, म्हणून त्या नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे किंवा संकलकाकडे द्याव्यात. तोपर्यंत नव्या ट्यूबच्या रिकाम्या खोक्यांत घालून, मशीनपासून दूर, आडव्या ठेवाव्यात. उभ्या टेकवलेल्या ट्यूब कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून पडतातच.